सोप्यावरचा चहा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वाचक बाईंचं पत्र आलंय. चार पानी, शाईनं लिहिलेलं, आणि खाली नावाऐवजी ‘एक जागी बाई’ अशी सही. सगळं छापता येणार नाही, म्हणून मुख्य तेवढं सांगते.

यजमानांचे लोहखनिजाच्या खाणीवर दोन टिपर (खनिज वाहणारे ट्रक) होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा एक विकला. २०१८ साली पुन्हा बंद पडल्या तेव्हा दुसरा. आता एक छोटा मालवाहू टेम्पो आहे आणि त्याचे हप्ते आहेत. मुलगा क्रूझ बोटीवर होता. करार संपवून घरी आला त्याला सात महिने झाले, कंपनीचं अजून बोलावणं नाही. मुलगी नर्सिंगला आहे. बाईंना रात्री दोनला जाग येते, मग झोप नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याची नणंद राहायला आली होती. जाताना एक सुंदर डायरी हातात ठेवून म्हणाली, ‘वहिनी, जे नाही त्याचा विचार सोड. जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा. कितीतरी लोकांना एवढंही नसतं. रोज रात्री पाच गोष्टी लिही.’ बाईंनी नऊ दिवस लिहिलं. दहाव्या रात्री ‘पंखा’ असं लिहिलं, विजेचं बिल आठवलं आणि रडू आलं.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: ‘सकाळी साडेपाचला घर झोपलेलं असतं. मी चहा करून सोप्यावर (घरापुढच्या पडवीत) येऊन बसते. लांबून पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू येतो. ती पंधरा मिनिटं मला खरंच बरं वाटतं. आणि मग लाज वाटते, की डोक्यावर कर्ज आणि ही बाई सुखात चहा पितेय. डायरीत लिहिते तेव्हा काही वाटत नाही, आणि जिथं वाटतं तिथं ते वाटायला नको होतं असं वाटतं. मी कृतघ्न आहे का?’

प्रिय जागी बाई,

आधी चहाचं. तुम्ही लिहिलंय की गेले काही दिवस सोप्यावर बसणं सोडून तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानंच कप रिकामा करता. कशासाठी? तुम्ही उभ्यानं प्यायलात म्हणून बँक हप्त्यातले चार रुपये सोडणार आहे का? उद्यापासून परत सोप्यावर बसा. एवढं ऐकलंत तरी माझं निम्मं काम झालं.

आपल्याकडे सुखाला बिचकायची जुनी खोड आहे. लहानपणी आम्ही बहिणी खिदळायला लागलो की आई म्हणायची, ‘पुरे गो, मग रडायची पाळी येईल.’ ते इतकं मुरलंय की साठी उलटली तरी खूप हसले की मी मनात दचकते. तुमची सकाळची लाज त्याच जातीची. त्रास काढून दाखवला की दैव थोडं नरम पडेल, असा काहीतरी हिशेब आपण आत मांडत असतो. दैवाला तो कळवायची सोय मात्र कुठे नाही.

आता डायरी. नणंदबाईंवर रागावू नका. त्यांनी मायेनं दिली, आणि कल्पना अगदीच वाऱ्यावरची नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली या विषयावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या पहिल्यात एका गटानं ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायच्या होत्या, दुसऱ्यानं डोक्याला ताप देणाऱ्या. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं. पण लिहायचं होतं आठवड्यातून एकदा, आणि लिहिणारी होती कॉलेजची मुलं. टेम्पोचे हप्ते भरणारी बाई रात्री अकराला, पाय दुखत असताना, शाळेच्या गृहपाठासारख्या पाच वस्तू भरून काढते तेव्हा काय होणार? पंखाच होणार.

मला त्यांच्या सल्ल्यातलं खटकलं ते वेगळंच. ‘कितीतरी लोकांना एवढंही नसतं.’ हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. दुसऱ्याच्या रिकाम्या ताटाकडे बघून आपल्या पेजेची चव घ्यायची, ही कसली कृतज्ञता? आणि त्या न्यायानं पाहिलं तर उद्या तुमच्यापेक्षा बरं चाललेली कुणी बाई तुमच्याकडे बघून समाधान मानेल. चालेल तुम्हाला?

कृतज्ञ हा शब्द मुळात काय सांगतो ते पाहा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणीतरी काही केलं, ते ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. शब्दात आनंद नाही, समाधान नाही, ‘काळजी करू नका’ तर नाहीच नाही. आणि कृतघ्न म्हणजे केलेल्याचा घात करणारा. तुम्ही कुणाचा घात केलात? पंखा लिहिताना बिल आठवलं, म्हणजे तुम्हाला हिशेब येतो, एवढंच.

यावर माझी एक गोष्ट सांगते. मी फोंड्यात राहते. आमच्या नळाला ओपाच्या पाणीप्रकल्पाचं पाणी येतं, खांडेपार नदीचं. ती योजना पोर्तुगिजांच्या काळातली, त्यामुळे आमच्या पिढीला नळ म्हणजे जन्मापासूनचं काहीतरी वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, कुर्टी-खांडेपारला माती खचून मोठ्या जलवाहिन्या फुटल्या. फोंडा आणि तिसवाडी, दोन्ही तालुके कोरडे. आज येईल, उद्या येईल करता करता जवळजवळ आठवडा गेला. चवथ (गणेशचतुर्थी) अडीच आठवड्यांवर आलेली, घराची झाडलोट अर्ध्यावर, आणि गंमत अशी की बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. आम्ही पागोळ्यांखाली बालद्या, टोप, जुना तांब्याचा हंडा, मिळेल ते लावलं. त्या पाण्यानं भांडी झाली, संडासाचं भागलं. प्यायचं काय?

शेजारी विहीर होती. पण त्या शेजाऱ्यांशी आमचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर हसाल: कुंपणाजवळचा एक फणस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टँकरची वाट बघत गेटाशी उभी होते, तर त्या बाईंनी मधलं फाटक उघडलं. बोलल्या काहीच नाहीत. फाटकाला दगड लावून ठेवला, बंद होऊ नये म्हणून, आणि आत गेल्या. मी कळशी घेऊन गेले. सहा वर्षांत रहाटाचा दोर बदललेला होता, हिरवा नायलॉनचा होता. कठड्यावर उलटी वाटी ठेवली होती, ती वाटी कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही.

पाणी परत आलं ते रात्री. आधी नळातून नुसती हवा, फुस्स फुस्स, मग गढूळ चुळका, मग धार. आळीतले सगळे दिवे लागले. मी धारेखाली हात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. त्या क्षणी माझ्याइतकी कृतज्ञ बाई गोव्यात नसेल.

आणि तिसऱ्या दिवशी, खरं सांगते, मी नळ चालू ठेवून दात घासत होते.

म्हणून तुम्हाला रोज रात्री काही वाटत नाही याचं मला नवल नाही. असली भावना ओल्या कपड्यासारखी, वारा लागला की वाळते. वाळायचीच. त्या आठवड्यातून माझ्याकडे राहिलं ते वेगळं. पाणी कुठून येतं हे मला कळलं. कुठल्या नदीचं, कुठल्या टेकडीखालून, आणि ते चालू करायला भर पावसात चिखलात माणसं रात्रंदिवस राबली हे. आणि ते दगड लावलेलं फाटक. त्या विहिरीचा गाळ दर मे महिन्यात उपसावा लागतो. २०२० पासून त्याचे निम्मे पैसे आम्ही देतो. त्यांनी मागितले नव्हते. फणसावरून अजूनही आमचं एकमत नाही.

तुमच्याकडचा नळ बहुधा पडोशेच्या प्रकल्पावरचा असेल. कधी त्या बाजूला जाणं झालं तर बघून या.

पण तुमची खरी जागा नळाशी नाही, सोप्यावर आहे. ती पंधरा मिनिटं नीट बघा. तिथं कोण कोण आहे? तुम्ही एकट्या बसता असं तुम्हाला वाटतं. भोंगा वाजवत येणारा पोदेर मध्यरात्र सरता सरता उठलेला असतो. पीठ आधी मळून फुगायला ठेवलेलं. पूर्वी त्यात सूर (माडी) घालत, आता यीस्ट असतं. भट्टी लाकडाची, मे महिन्यात तिच्यापुढे उभं राहायचं म्हणजे काय ते पापड भाजतानाच आपल्याला पुरे होतं. मग उंडे, पोळ्या, काकणं असे पावाचे प्रकार टोपलीत भरून, वर प्लास्टिक ओढून, सायकल. हल्ली बरेच पोदेर परप्रांतातून आलेले आहेत. जुन्या घराण्यांतली मुलं भट्टीशी थांबत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? मैदा महागला, लाकूड महागलं, पावाचा दर एक रुपयानं वाढला की आपणच कुरकुरतो. म्हणजे अनिश्चित काळ त्याच्याही सायकलवर बसलेला आहे. आमच्या पोदेराचं नाव मला चार वर्षं माहीत नव्हतं. ‘ए पाव’ अशीच हाक. तुम्हाला तुमच्या पोदेराचं माहीत आहे?

आता एक वाक्य, जे तुम्ही तिसऱ्या पानावर कंसात टाकलंय. (यजमान हल्ली फार बोलत नाहीत. रात्री कितीही उशीर झाला तरी टेम्पो धुऊनच घरात येतात.) तुमच्या चार पानांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे, आणि तुम्ही त्याला कंसात कोंडलंत.

डिचोली-साखळीच्या रस्त्यावरची टिपरांची रांग मी पाहिलेली आहे. खनिजाच्या धुळीनं झाडांची पानंसुद्धा लाल. २०१२ च्या सप्टेंबरात ते थांबलं, मग पुन्हा थोडं सुरू झालं, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द ठरवली, मार्चमध्ये चाकं परत थांबली. खाणींचं काय चुकलं, कुणी किती ओरबाडलं, यावर माझी मतं आहेत आणि ती तुमच्या यजमानांना आवडणार नाहीत. पण कागदावरच्या एका ओळीनं आपलं पोट थांबतं हे ज्या माणसानं दोनदा पाहिलं, तो आता तिसरं वाहन रोज रात्री धुतोय. धूळ लाल नसली तरी धुतोय. सवय म्हणा, पण नुसत्या सवयीनं माणूस रात्री दहाला, दमून आल्यावर, फडकं पिळत नाही. जे राहिलंय ते तो राखतोय. आणि हे त्याला बोलून सांगता येत नाही.

त्यांना ‘थँक्यू’ म्हणायला जाऊ नका. आपल्या घरांत नवऱ्याला ‘आभारी आहे’ म्हटलं की सत्कार समारंभच वाटतो, आणि ते बिचारे आजारी आहेस का म्हणून विचारतील. उद्या रात्री टेम्पोचा आवाज आला की बाहेर जा आणि नळी धरा. बोलू नका. बोलायचं असेल तर ते बोलतील, कदाचित चौथ्या-पाचव्या दिवशी.

काळजीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ती आहेच. तुम्ही लिहिलंय, ‘यंदा पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) निम्म्यावर आणलं. फक्त सोलां (आमसुलं) दरवर्षीएवढीच घातली, भिरंडाचं (कोकमाचं) झाड घरचं म्हणून.’ हे वाचून मला बरं वाटलं. भिरंडं फोडायची, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात पसरायची, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत ऊन. हात आठवडाभर जांभळे. सोलां काळी पडेपर्यंत हे चालायचं. उरलेल्या रसाचं आगळ बाटलीत. ज्या बायकांनी हे आपल्याला शिकवलं त्यांना काय निश्चिती होती? चार महिने पाऊस, होड्या किनाऱ्याला, रस्ते चिखलात. आज एक जून ते एकतीस जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी कायद्यानं असते, तेव्हा समुद्रच बंदी घालायचा. म्हणून सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), कांद्याच्या माळा, चिंचेचे गोळे, खारातले आंबे. पुरुमेंत म्हणजे काळजीच ती, पण बरणीत भरून वर दादरा बांधलेली. मग जुलैत, वीज गेलेली असताना, उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर त्यातलं तोर, म्हणजे खारातली कैरी, काढायचं. त्या तोराची चव लागताना मे महिन्यातलं ऊन आणि हात दोन्ही आठवतात. त्याला डायरी लागत नाही.

तुम्हाला रात्री दोनला येते ती काळजी सांडलेली आहे. ती भरायला बसा. रविवारी दुपारी जेवणं झाली की चौघंही, हो, मुलीलाही घ्या, टेबलाशी बसा. कर्जाचं पासबुक, विजेचं बिल, कॉलेजची फी, सगळं समोर. एक तास, त्याच्यावर नको. हप्ता चुकेल असं दिसत असेल तर चुकण्याआधी बँकेत जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी होईल का ते विचारा. चुकल्यावर गेलं की बोलणं वेगळ्याच सुरात होतं. मुलानं सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), एसटीसीडब्ल्यूची (जहाजावरच्या प्रशिक्षणाची) प्रमाणपत्रं आणि वैद्यकीय दाखला यांच्या तारखा बघाव्यात. सुरक्षा प्रशिक्षणाची पाच वर्षांनी उजळणी लागते आणि वैद्यकीय दाखला दोन वर्षांचा असतो. बोलावणं आलं आणि कागद संपलेला, असं व्हायला नको. आणि दुसऱ्या कंपनीत लावून देतो म्हणून कुणी एजंट पैसे मागत असेल तर उठून यायचं. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला परवानगी नाही, आणि एजंटाकडे डीजी शिपिंगचा (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा) परवाना आहे की नाही ते आधी तपासता येतं. सात महिने घरी बसलेल्या पोराला हे लोक बरोबर हुडकून काढतात.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. दोनला जाग येणं आणखी दोन-तीन आठवडे चाललं, किंवा सकाळचा चहासुद्धा बेचव लागायला लागला, तर डॉक्टरांना सांगा. त्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे आणि रात्री दोनलाही लागतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. गुडघा दुखला तर आपण दाखवतोच ना?

आणि एक गोष्ट, सांत्वन म्हणून नव्हे, सहज. खाणी भरात होत्या तेव्हा पहाटे तुमच्या सोप्यावर चहाचा कप उघडा ठेवता आला असता का? आता लिलाव होऊन काही पट्टे पुन्हा सुरू झालेत. कदाचित तुमच्या यजमानांना त्यात काम मिळेल आणि सोप्यावर परत धूळ येईल. तेव्हा तुम्ही कशाबद्दल खूश व्हायचं आणि कशाबद्दल खट्टू, ते मी सांगू शकत नाही. मलाही ते नीट कळत नाही.

डायरी फेकू नका, कागद चांगला असणार. उरलेल्या पानांवर रविवारचा हिशेब लिहा. पहिली नऊ पानं आणि दहाव्यावरचा पंखा तसाच राहू दे. पुढे कधी नणंदबाईंना दाखवा, त्या हसतील. तुमचं अक्षर सुरेख आहे, हेही सांगायचं राहिलं. ‘ण’चा दांडा तुम्ही असा ओढता की कुणीतरी शाळेत हात धरून गिरवून घेतलेला दिसतो. कोण होत्या त्या बाई, की गुरुजी?

उद्या साडेपाचला दोन उंडे जास्त घ्या आणि पोदेराला नाव विचारा. काय सांगितलं ते मला कळवा.